निळ्या बादलीतल्या गोळ्या

दादा, तुझ्या स्मरणाच्या भक्तीच्या सभेला आपल्या मंडळीने केवढा फ्लेक्स लावला होता म्हणून सांगू! नारायणगावच्या आपल्या प्रार्थनेच्या शेडचं अर्धं तोंड झाकलं गेलं होतं. पांढऱ्या शर्टात तू, हात वर केलेला, मागे विजा चमकतायत, आणि खाली लाल अक्षरांत ‘सैतानाशी लढता लढता धारातीर्थी पडलेला योद्धा’. त्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. मी लावून देते म्हणाले होते आणि ते राहूनच गेलं. फ्लेक्सवर ते कंप्युटरवाल्याने लावून दिलंय.

तू लढता लढता पडला नाहीस. तू फिट येऊन पडलास. त्या वेळी शेडमधल्या साठसत्तर माणसांत हे एकट्या मला माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. आज अठरा दिवस झाले. पहिले दोन आठवडे लोक यायचे, ‘ब्रदर आता प्रभूजवळ हायेत’ म्हणायचे, चहा प्यायचे, जायचे. मी मान हलवायची. मला तुझा इतका राग आलाय की नीट रडतासुद्धा येत नाही.

राग काढायच्या आधी एक गोष्ट तुझ्या बाजूने सांगते, नाहीतर तू म्हणशील, मंदी सोयीचं तेवढंच आठवते. आईच्या अंगात यायचं तेव्हा तू बारा वर्षांचा होतास, मी आठ. घाटाच्या अंगाला आपलं ते चार घरांचं गाव, आणि खालून येणारा तो देवऋषी. तो मिरच्यांची धुरी करायचा, आईचे केस मुठीत धरायचा आणि ओरडायचा, ‘बोल, कोन हायेस तू?’ आई खोकून खोकून निळी पडायची. तू एकदा त्याच्या मनगटाला चावलास आणि बापाचा मार खाल्लास. मग जुन्नरच्या जुन्या देवळातली मार्थाबाई आली. आपल्या लोकांत चर्चला देऊळच म्हणतात, हे मला तेव्हा नवीन होतं. ती म्हातारी आईशेजारी जमिनीवर बसली. भूत कुणाचं, कुठून लागलं, काय मागतं, काही विचारलं नाही. आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘जेवलीस का गं?’

आई जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत. माझ्या पाठची तीन लेकरं गेली होती तिची, आणि त्याबद्दल तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता. मार्थाबाईने प्रार्थना केली, भात शिजवून घातला, आठ दिवस राहिली. पुन्हा आईच्या अंगात आलं नाही. तू तेव्हाच ठरवलंस की मोठं झाल्यावर हेच करायचं. दशरथचा दानिएल झालास. आणि केलंसही. किती बायकांना तू त्या धुरीतून, त्या छडीतून सोडवलंस! लिंबू ओलांडलं म्हणून आठ दिवस अंथरूण धरणारी माणसं तुझ्यामुळे अमावस्येलाही बिनघोर शेतावर जायला लागली. बेल्ह्याच्या एका सुनेला सासरचे भूत काढायचं म्हणून मारत होते, तर तू सरळ तिच्या घरी जाऊन बसलास आणि सासऱ्याला म्हणालास, ‘भूत माझ्याशी बोलंल, तुमी हात खाली घ्या.’ त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता.

मग ती बादली आली. रंगाची रिकामी, निळी बादली. सुरुवात चांगलीच होती. ज्याला भीती सोडायची त्याने गळ्यातला ताईत, दंडाचा गंडा, उंबऱ्याची काळी बाहुली त्या बादलीत टाकायची, टाळ्या व्हायच्या, गाणं व्हायचं. शनिवारी शेड झाडायला मी येत असे, तेव्हा मागच्या बाजूला मी ते सगळं जाळायची. मग एका शुक्रवारी कुणीतरी पुढे आलं आणि ताइताबरोबर गोळ्यांची पाकिटंही टाकली. तू थांबला नाहीस. मला नीट आठवतं, तू क्षणभर बादलीत पाहिलंस, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तूही वाजवल्यास. तेवढ्यावरूनच पुढे ताईत आणि गोळ्या एकाच बादलीत पडायला लागल्या. दादा, तुझी चूक फक्त तेवढीच होती असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

मी काय केलं? मी अंगणवाडीची बाई. सोमवार ते शनिवार पोरींच्या दारात उभी राहून लोहाच्या गोळ्या गिळायला लावणार, आणि शनिवारी संध्याकाळी लोकांच्या गोळ्या काडी लावून जाळणार. मीच.

पल्लवीच्या गोळ्याही मीच जाळल्या. सुमनबाई बेल्ह्याहून आपल्या दहा वर्षांच्या पोरीला घेऊन आली, त्याला चार वर्षं झाली. फिट यायची तिला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या आणि फिट बऱ्याच कमी झाल्या होत्या, हे सुमनबाईने स्वतःच सांगितलं होतं. तू डोक्यावर हात ठेवलास. महिनाभर काही झालं नाही. सुमनबाईने साक्ष दिली, गोळ्या बादलीत गेल्या. दोन महिन्यांनी पोरगी पुन्हा पडायला लागली. तेव्हा तू आणि तुझ्या हाताखालचा सुधाकर त्यांच्या घरी गेलात, कुठे ‘दार उघडं राहिलंय’ ते शोधायला. दाराला कडी होती, खिडक्याही बंद होत्या, तरी तुम्हाला शत्रूला आत यायचं दार सापडलं. सासूने पेटीत ठेवलेले चांदीचे टाक. सुमनबाईने ते पुढच्या शुक्रवारी बादलीत टाकले. सासू त्या दिवसापासून सुनेशी बोलत नाही. आणि पल्लवी त्याच थंडीत चुलीशेजारी पडली. तिचा डावा हात कोपरापासून खाली कसा झालाय ते तू पाहिलं होतंस. तू त्या हातावर तेल लावून प्रार्थना केलीस.

आणि मग तू पडलास. माझ्या स्वयंपाकघरात, भाकरीचा घास हातात असताना. वहिनी गेल्यापासून तू दुपारचा माझ्याकडेच जेवायचास. डोळे वर गेले, जबडा आवळला, तोंडाला फेस. मी इतक्या वेळा पल्लवीला पाहिलं होतं की मला विचार करावाच लागला नाही. तुला कुशीवर वळवलं, मानेखाली साडी सारली. शुद्धीवर आल्यावर तू काय म्हणालास? ‘मंदे, हल्ला झाला. आपन त्याच्या गोटात लई आत शिरलोय ना.’ मी म्हणाले, ‘जीभ चावलीयस, आधी चूळ भर.’

दुसऱ्यांदा शेडच्या पायरीवर. तिसऱ्यांदा ओतूरच्या रस्त्यावर, गाडीवरून. नशीब, कडेला मऊ नांगरट होती. प्रत्येक वेळी तू उपास वाढवलास. आणि त्याच दिवसांत सुमनबाई एका शुक्रवारी पुढे आली, रडत. तिने कबूल केलं की तिने चोरून पोरीच्या गोळ्या पुन्हा चालू केल्या होत्या. तू तिला ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. इतक्या मायेने समजावलंस तिला, की तिने पिशवीतून सगळी पाकिटं काढली आणि स्वतःच्या हाताने बादलीत ठेवली.

शनिवारी मी बादली उलटी केली. दोन ताईत, एक काळा दोरा. पाकिटं नव्हती. आधी वाटलं उंदरांनी नेली. रविवारी तुझा शर्ट धुवायला घेतला तर खिशात पाकीट, चार गोळ्यांच्या जागा रिकाम्या.

मला पहिल्यांदा हसू आलं, दादा. खरंच सांगते. मग हिशोब केला. जी गोळी तू शुक्रवारी दुपारी एका पोरीच्या तोंडातून काढलीस तीच त्याच संध्याकाळी तू गिळत होतास. किती घ्यायची, केव्हा घ्यायची, काही ठाऊक नसताना, चोरासारखा. मी पाकीट तुझ्यापुढे धरलं. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालास, ‘मला लई भ्या वाटतं गं.’ बारा वर्षांच्या पोराचा आवाज होता तो. तेव्हाच मला तुझा राग यायला हवा होता, पण मला नुसती दया आली.

मग आपलं मंचर सुरू झालं. जुन्नर-नारायणगावात तुला कुत्रंसुद्धा ओळखतं, म्हणून आंबेगाव तालुक्यातल्या त्या दवाखान्यात. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जीपने. भर उन्हात मफलर गुंडाळून तू खिडकीशी बसायचास आणि कुणी चढलं की बाहेर बघायचास. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ते पाकीट हातात घेऊन विचारलं, ‘या गोळ्या कुणी दिल्या?’ तू मफलर सारखा केलास. मी म्हणाले, ‘शेजारच्यांच्या होत्या.’ डॉक्टर चिडले. दुसऱ्याच्या गोळ्या खातात का, म्हणाले. तपासण्या झाल्या, तुझ्या वजनाची, तुझ्या नावाची गोळी मिळाली. येताना आपण स्टँडवर भेळ खाल्ली. दीड वर्षात तू एकदाही पडला नाहीस. खोटं कशाला बोलू, ते मंगळवार माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. लहानपणानंतर पहिल्यांदाच आपण दोघंच कुठे जात होतो.

पण शुक्रवार यायचाच. शुक्रवारी तू उभा राहून सांगायचास, ‘शत्रूनं मला तीनदा पाडलं, प्रभूनं मला तीनदा उठवलं!’ लोक हालेलूया म्हणायचे. पल्लवी आईच्या मांडीवर डोकं ठेवून बसलेली असायची, भाजलेला हात ओढणीत लपवून. मी मागे बसून तुझ्याकडे बघायची आणि तू माझ्याकडे बघायचं टाळायचास.

किती भांडलो आपण त्यावर. मी म्हणायची, ‘गोळी खाल्ल्यानं प्रभूचा अपमान व्हतो असं कुठं लिव्हलंय? प्रेषितांच्या सोबत वैद्य व्हता का न्हाई?’ तू म्हणायचास, ‘मला समदं कळतं गं. पर लोकांचा विश्वास मोडंल.’

‘आनि पल्लवी?’

‘वेळ आली की सांगीन.’

‘कवा यायची ती वेळ?’

‘सुधाकर टपूनच बसलाय मंदे. विश्वासणाऱ्याच्या आतसुदिक भूत राहू शकतं असं तो शिकवतो. मी गोळीचं बोललो तर पयला हात माझ्याच डोक्यावर ठेवील.’

म्हणजे तुला ठाऊक होतं. डोक्यावर तो हात आला की माणसाला काय वाटतं हे तुला पुरेपूर ठाऊक होतं. स्वतःवर वेळ येईल म्हणून घाबरलास, आणि दर शुक्रवारी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवत राहिलास.

मार्थाबाई आपल्याला देवाची शस्त्रसामग्री शिकवायची ते आठवतं? शिरस्त्राण, ढाल, तलवार. तू कायम तलवारीवर उडी मारायचास. ती म्हणायची, ‘अरे, आधी कमरपट्टा बांध. तो सत्याचा असतो. तो नसला तर बाकी सगळं घसरून खाली पडतं.’ सैतान आहे हे मी आजही मानते, दादा. माझी आई ज्या भीतीत जगली ती मी पाहिलीय. तो कुठे बसलाय, एवढ्यावरच आपलं कधी पटलं नाही. तू त्याला लोकांच्या अंगात शोधत होतास. मला तो आपल्या दोघांच्या मधे, जीपच्या सीटवर बसलेला दिसायचा.

एकदा मी म्हणाले, मीच सांगते शुक्रवारी. तू माझे दोन्ही हात धरलेस. ‘आपन शपथ घेत न्हाई, तवा शपथ घालत न्हाई. नुसता शब्द दे. मी सांगस्तवर तू बोलायचं न्हाई.’ मी शब्द दिला. कुणी देऊ नये असा शब्द होता तो.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवसांचे उपास सुरू झाले तेव्हा तू मंचरला यायचं टाळलंस. गोळ्या आहेत म्हणालास. त्या होत्याच. तू गेल्यावर तुझ्या पेटीत सापडल्या, उपासाच्या पहिल्या दिवसापासून एकही फोडलेली नाही. का बंद केल्यास? दोन कारणं मला सुचतात. एक, तुला खोटं सहन होईना, आणि खरं सांगण्यापेक्षा गोळी सोडणं तुला सोपं वाटलं. दुसरं, तुला खरोखर वाटलं की या वेळी प्रभू बरं करील. यातलं कुठलं, हे तू सांगून गेला नाहीस. मी रोज बदलून बदलून एकेक धरते.

त्या उपासांतल्याच एका शुक्रवारी दुपारी, शेडमध्ये बोलता बोलता तू पडलास. सुधाकरने माईक उचलला. चौघांनी तुझे हातपाय धरले आणि सुधाकर ओरडायला लागला, ‘सोड! येशूच्या नावात सोड त्याला!’ बायका गात होत्या. मी पुढे घुसले, म्हणाले, ‘गाडी काढा, दवाखान्यात न्या.’ सुधाकर म्हणाला, ‘ताई, अविश्वास नका आनू मधी.’ एक फिट थांबून दुसरी सुरू झाली. तिसरी. तुझी शुद्ध मधे परतलीच नाही. मला कळत होतं. ‘याला फिट येतात, मंचरच्या गोळ्या चालू आहेत’ एवढं एक वाक्य होतं. तेवढ्याने गाडी निघाली असती. तीन गाणी झाली, दादा. तीन गाणी संपेपर्यंत मी तुला दिलेला शब्द तोंडात धरून उभी होते.

शेवटी शेजारच्या टोमॅटोवाल्याने पिकअप आणली ती माझ्या किंकाळीने. दवाखान्यात मी डॉक्टरांच्या कानात ते वाक्य सांगितलं. तिथेही कानातच. त्यांनी इंजेक्शनं दिली, पुण्याला न्या म्हणाले. ॲम्ब्युलन्स मंचरला पोचायच्या आधीच तू गेलास.

गेल्या शुक्रवारी स्मरणाच्या भक्तीला सुधाकर म्हणाला, ‘आता ताई साक्ष देतील.’ मी उठले. पर्समधून तुझी पाकिटं काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मंचर सांगितलं, डॉक्टर सांगितले, बादलीतून कुणाच्या गोळ्या गायब झाल्या तेही सांगितलं. मग सुधाकर हळू आवाजात म्हणाला, ‘ही ताई बोलत न्हाई. हिच्यातला बोलतोय.’ आणि माझ्या डोक्यावर हात आला. मग आणखी हात. मला खाली बसवलं, खांदे धरले. माझ्याच कानात ओरडत होते, ‘कोन हायेस तू? नाव सांग!’ मी सांगितलं, मंदा. त्यांना ते नाव नको होतं. मी हात जोडून बसले आणि आईची आठवण काढली. कुणी मला जेवलीस का म्हणून विचारलं नाही.

शनिवारी सकाळी सुमनबाई दारात आली. एकटी. मला वाटलं आभार मानायला आली, बघ माझी अक्कल. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, ‘बादली तुमीच रिकामी करत व्हता ना?’

‘व्हय.’

‘दीड वरीस तुमाला ठावं व्हतं. माझी पोर तुमच्या डोळ्याम्होरं पडत व्हती.’

‘व्हय.’

‘ब्रदर देवाचा मानूस व्हता, त्याला भुललो आमी. तुमी तर अंगनवाडीच्या बाई. तुमाला काय झालं व्हतं?’

तुला दिलेला शब्द तिच्यापुढे ठेवायची मला लाज वाटली. ती जायला वळली, थांबली. मग म्हणाली, ‘मंचरला कोन्या वारी जायाचं?’

आज मंगळवार. पल्लवी खिडकीशी बसली, तुझ्या जागेवर. तिने मफलर वगैरे काही बांधला नव्हता. सुमनबाई पोरीला धरून माझ्याकडे पाठ करून बसली. डॉक्टरांनी तुझ्याबद्दल विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी पोरीचा भाजलेला हात पाहिला, जुने कागद चाळले आणि चष्मा काढून विचारलं, ‘गोळ्या चालू होत्या, फरक पडत होता. मग बंद कुणी केल्या?’

सुमनबाईने खाली मान घातली. तिला वाटलं असेल, मी पुन्हा शेजारचं कुणीतरी शोधून काढीन.

‘माझ्या भावाने,’ मी म्हणाले, ‘आणि मी जाळल्या.’

डॉक्टरांनी नव्या कागदावर वर पल्लवीचं नाव लिहिलं आणि खाली गोळी लिहून दिली.